पश्चिम सहारा : ताबा, प्रशासन आणि सार्वभौमत्व

एखाद्या प्रदेशात कोणाचे सैन्य तैनात आहे, तेथील कर कोण गोळा करतो आणि तेथील शाळांत कोणते पाठ्यपुस्तक शिकवले जाते, एवढ्यावरून तो प्रदेश कोणाचा हे ठरत नाही. जमिनीच्या व्यवहारात कब्जा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. आंतरराष्ट्रीय कायद्यातही प्रदेशाचा प्रत्यक्ष ताबा, त्याचे प्रशासन आणि त्यावरील सार्वभौमत्व या तीन बाबी स्वतंत्रपणे तपासल्या जातात. बहुतेक देशांच्या बाबतीत या तिन्ही बाबी एकाच सत्तेकडे असल्याने त्यांतील भेद जाणवत नाही. ज्या प्रदेशांत त्या एकमेकींपासून विलग झालेल्या आहेत, तेथे मात्र हा भेद लाखो लोकांच्या नागरिकत्वाचा, निवाऱ्याचा आणि उपजीविकेचा प्रश्न बनतो. आफ्रिका खंडाच्या वायव्य किनाऱ्यावरील पश्चिम सहारा हे याचे ठळक उदाहरण होय.

सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा वाळवंटी प्रदेश आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे. उत्तरेस मोरोक्को, ईशान्येस अल्जीरिया, पूर्व व दक्षिणेस मॉरितानिया आणि पश्चिमेस अटलांटिक महासागर अशा त्याच्या सीमा आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९६३ पासून त्याचा समावेश अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत केला आहे. या यादीतील उर्वरित प्रदेशांपैकी बहुतेक छोटी बेटे असून क्षेत्रफळाने पश्चिम सहारा त्यांत सर्वांत मोठा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पार्श्वभूमी, तेथील प्रत्यक्ष प्रशासन व्यवस्था आणि कायदेशीर वादाचे स्वरूप यांचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आफ्रिकेच्या वाटणीसाठी युरोपीय सत्तांमध्ये स्पर्धा सुरू झाली, त्या काळात म्हणजे १८८४ साली स्पेनने या किनाऱ्यावर आपले संरक्षित राज्य घोषित केले. उत्तरेकडील सागिया अल-हम्रा आणि दक्षिणेकडील रिओ दे ओरो असे त्याचे दोन भाग होते. येथील मूळ रहिवासी असलेले सहरावी लोक अरबी भाषेची हसानिया ही बोली बोलतात. उंट व शेळ्यामेंढ्यांचे कळप घेऊन पावसाच्या मागे फिरणाऱ्या या टोळ्यांच्या जीवनात नकाशावरील सीमारेषांना फारसे स्थान नव्हते. पुढे मतदार कोणास म्हणावे, हा प्रश्न एवढा जटिल का झाला, याचे एक कारण या भटक्या जीवनपद्धतीत सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतींच्या मुक्ततेची लाट आली, तेव्हा वसाहतवादी सत्तांनी एक युक्ती योजली. वसाहत हा शब्द टाळून त्या प्रदेशास आपल्याच देशाचा प्रांत म्हणावयाचे. पोर्तुगालने १९५१ मध्ये गोव्यासह आपल्या वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले, तर स्पेनने १९५८ मध्ये सहाराला आपला प्रांत घोषित केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा युक्तिवाद मान्य केला नाही. डिसेंबर १९६० मध्ये संमत झालेल्या १५१४ क्रमांकाच्या ठरावाने वसाहतींतील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क घोषित केला. पाठोपाठ १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या अस्वयंशासित प्रदेशांची यादी देण्यात आली व तीत गोव्याचाही उल्लेख होता. पश्चिम सहाराच्या संदर्भात आमसभेने १९६६ मध्ये स्पेनला सार्वमत घेण्याचे आवाहन केले.

या प्रदेशाचे आर्थिक महत्त्वही याच काळात वाढत होते. बू-क्रा येथे फॉस्फेटचे विपुल साठे आढळले होते. खाणीतून निघालेले खनिज सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून किनाऱ्यावरील बंदरापर्यंत नेले जाऊ लागले. मे १९७३ मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध लढण्यासाठी पोलिसारिओ आघाडीची स्थापना झाली. स्पेनने १९७४ मध्ये सार्वमताच्या तयारीसाठी शिरगणती केली आणि तीत ७३,४९७ सहरावींची नोंद झाली. मोरोक्को व मॉरितानिया या दोन्ही शेजाऱ्यांनी मात्र, वसाहतपूर्व काळात हा प्रदेश आपल्याशी निगडित होता, असा दावा पुढे केला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत

या दाव्यांमुळे आमसभेने डिसेंबर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे दोन प्रश्न सल्ल्यासाठी पाठवले. पहिला प्रश्न असा की, स्पेनने वसाहत केली त्या वेळी हा प्रदेश कोणाचाही नसलेली भूमी होती काय? दुसरा असा की, तसे नसल्यास त्याचे मोरोक्कोच्या राज्याशी व मॉरितानियाच्या समाजघटकाशी कोणते कायदेशीर संबंध होते?

न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आपले सल्लागारी मत दिले. भारताचे न्यायमूर्ती नगेंद्र सिंग हे त्या वेळी न्यायालयाचे सदस्य होते. सामाजिक व राजकीय संघटन असलेल्या टोळ्या तेथे राहत असल्याने हा प्रदेश स्वामीहीन नव्हता, असे उत्तर पहिल्या प्रश्नास मिळाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक सूक्ष्म होते. मोरोक्कोचा सुलतान आणि प्रदेशातील काही टोळ्या यांच्यात निष्ठेचे बंध होते, तसेच मॉरितानियाशीही जमिनीच्या वापरासंबंधी काही हक्कांचे नाते होते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु हे बंध म्हणजे प्रादेशिक सार्वभौमत्व नव्हे आणि स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाच्या अंमलबजावणीस बाध येईल असे त्यांचे स्वरूप नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

या मताचा पूर्वार्ध आपल्या बाजूने आहे, असा अर्थ मोरोक्कोने लावला. त्याच दिवशी राजे हसन दुसरे यांनी नि:शस्त्र नागरिकांच्या भव्य मोर्चाची घोषणा केली. ६ नोव्हेंबर १९७५ रोजी सुमारे साडेतीन लाख लोकांनी सीमा ओलांडली. हाच हरित मोर्चा होय. सुरक्षा परिषदेने ३८० क्रमांकाच्या ठरावाद्वारे या कृतीबद्दल खेद व्यक्त करून मोर्चा मागे घेण्यास सांगितले. त्या वेळी स्पेनचे सत्ताधीश जनरल फ्रँको मृत्युशय्येवर होते. १४ नोव्हेंबरला माद्रिद येथे स्पेन, मोरोक्को व मॉरितानिया यांच्यात करार होऊन प्रदेशाचे प्रशासन तात्पुरत्या त्रिपक्षीय व्यवस्थेकडे सोपवण्यात आले. २६ फेब्रुवारी १९७६ रोजी स्पेनने आपली जबाबदारी संपल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पोलिसारिओने सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली.

त्यानंतर युद्ध पेटले. हजारो सहरावी कुटुंबे अल्जीरियातील तिंदूफ परिसरात आश्रयास गेली. मॉरितानियाने ऑगस्ट १९७९ मध्ये पोलिसारिओशी शांतता करार करून माघार घेतली आणि तिने सोडलेला दक्षिण भाग मोरोक्कोने आपल्या ताब्यात घेतला. मोरोक्कोने १९८० ते १९८७ या काळात वाळू व दगडांचे तट टप्प्याटप्प्याने उभारले. सुमारे २,७०० किलोमीटर लांबीच्या या तटबंदीलगत भूसुरुंग पेरलेले आहेत.

तटबंदीच्या दोन बाजू : प्रत्यक्ष प्रशासन

तटबंदीच्या पश्चिमेकडील सुमारे चार पंचमांश भाग मोरोक्कोच्या नियंत्रणाखाली आहे. मोठी शहरे, बू-क्राची खाण आणि संपूर्ण उपयुक्त किनारपट्टी याच भागात येते. मोरोक्को या भागास आपले दक्षिणी प्रांत म्हणतो. २०१५ च्या प्रादेशिक पुनर्रचनेत देशाचे १२ विभाग करण्यात आले. त्यांपैकी एल-आयून-साकिया अल-हम्रा आणि दाखला-वादी अद-धहब हे दोन विभाग प्रामुख्याने या प्रदेशात मोडतात. विभागीय परिषदा निवडणुकीने बनतात, तर राजाने नियुक्त केलेला वाली हा शासनाचा प्रतिनिधी असतो. येथील रहिवासी मोरोक्कोच्या संसदेसाठी मतदान करतात. २०११ च्या राज्यघटनेत हसानी संस्कृतीचा राष्ट्रीय अस्मितेचा घटक म्हणून उल्लेख आहे. करसवलती, अनुदाने, रस्ते, बंदरे आणि ऊर्जा प्रकल्प यांवर शासनाने मोठा खर्च केला असून त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या रहिवाशांची संख्याही वाढली आहे. स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार करणाऱ्या सहरावी कार्यकर्त्यांवरील निर्बंध व खटले यांबाबत आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी वारंवार आक्षेप नोंदवले आहेत.

तटबंदीच्या पूर्वेकडील विरळ वस्तीच्या पट्ट्यावर पोलिसारिओ आपला हक्क सांगते. तिच्या प्रशासनाचे खरे केंद्र मात्र तिंदूफजवळील निर्वासित छावण्यांत आहे. एल-आयून, स्मारा, दाखला, औसर्द व बुजदूर या मायभूमीतील गावांची नावे पाच छावण्यांना देण्यात आली आहेत. प्रत्येक छावणी म्हणजे एक विलाया आणि तिचे उपविभाग म्हणजे दायरा. शिक्षण, आरोग्य व शिधावाटप यांची व्यवस्था येथील समित्या पाहतात व तीत स्त्रियांचा वाटा प्रारंभापासून मोठा राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१८ मध्ये छावण्यांतील लोकसंख्येचा अंदाज सुमारे १ लाख ७३ हजार एवढा दिला होता. अन्न, पाणी व औषधे यांसाठी हे लोक प्रामुख्याने बाह्य मदतीवर अवलंबून आहेत. दुसऱ्या देशाच्या भूमीवर, परक्यांच्या मदतीवर चालणारे आणि तरीही राज्यघटना, प्रतिनिधिसभा व न्यायालये असणारे हे निर्वासित शासन राज्यशास्त्राच्या अभ्यासकांसाठी विरळा नमुना आहे. छावणीत जन्मलेल्या ज्या पिढीने एल-आयून शहर कधी पाहिलेच नाही, तिचे भवितव्य या वादाशी बांधले गेले आहे.

तिसरी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांची आहे. सुरक्षा परिषदेच्या ६९० क्रमांकाच्या ठरावाने एप्रिल १९९१ मध्ये सार्वमतासाठी मिनुर्सो हे अभियान स्थापन झाले आणि ६ सप्टेंबर १९९१ पासून शस्त्रसंधी लागू झाली. जानेवारी १९९२ मध्ये नियोजित असलेले सार्वमत मात्र होऊ शकले नाही. १९७४ च्या शिरगणतीत नाव असलेलेच मतदार, ही पोलिसारिओची भूमिका होती. आपल्या हद्दीत स्थलांतरित झालेल्या सहरावी टोळ्यांचाही समावेश व्हावा, असा मोरोक्कोचा आग्रह होता. मतदारओळखीचे काम १९९४ ते १९९९ पर्यंत चालले. सुमारे ८६ हजार मतदारांची हंगामी यादी तयार झाली, पण नाव वगळल्याबद्दलची अपिले लाखाच्या वर गेली. सार्वमताचा निकाल मतदारयादीतच ठरणार, हे दोन्ही पक्ष जाणून असल्याने प्रक्रिया तेथेच खुंटली.

कायदेशीर वादाचे स्वरूप

विद्यार्थ्यांनी येथे तीन संज्ञांमधील फरक ध्यानात घ्यावा. अस्वयंशासित प्रदेश म्हणजे ज्याच्या जनतेने अद्याप पूर्ण स्वशासन प्राप्त केलेले नाही, असा प्रदेश. प्रशासक सत्ता म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७३ व्या अनुच्छेदानुसार त्या जनतेच्या हिताची जबाबदारी स्वीकारणारे राष्ट्र. व्याप्त प्रदेश म्हणजे १९०७ च्या हेग नियमावलीच्या ४२ व्या अनुच्छेदानुसार जो प्रत्यक्षात परकीय सैन्याच्या अधिकाराखाली आला आहे, असा प्रदेश.

व्याप्त प्रदेशाचे प्रशासन कसे करावे, याचे नियम निश्चित आहेत. ताबा घेणाऱ्या सत्तेस सार्वभौमत्व मिळत नाही. तिने शक्यतो प्रचलित कायदे कायम ठेवावेत, असे हेग नियमावलीचा ४३ वा अनुच्छेद सांगतो. सार्वजनिक स्थावर मालमत्तेचा ती केवळ भोगवटा करू शकते, मूळ भांडवल नष्ट करू शकत नाही, असे ५५ वा अनुच्छेद सांगतो. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या ४९ व्या अनुच्छेदानुसार आपले नागरिक त्या प्रदेशात स्थलांतरित करण्यास तिला मनाई आहे. वहिवाट कितीही जुनी झाली तरी तिच्यामुळे मालकी उत्पन्न होत नाही, हे या सर्व नियमांमागील सूत्र होय.

हे नियम आपल्याला लागू होतात, हेच मोरोक्कोला मान्य नाही. हा प्रदेश ऐतिहासिकदृष्ट्या आपलाच असून वसाहतवादाने तोडलेली प्रादेशिक अखंडता आपण पुन:स्थापित केली, अशी त्याची भूमिका आहे. उलट बाजूस, आमसभेने १९७९ च्या ३४/३७ क्रमांकाच्या ठरावात मोरोक्कोच्या संदर्भात व्याप्ती हाच शब्द वापरून ती संपवण्याचे आवाहन केले आणि पोलिसारिओस सहरावी जनतेची प्रतिनिधी म्हटले. सुरक्षा परिषदेचे ठराव मात्र हा शब्द टाळतात. शब्दांच्या निवडीतील हा फरक परीक्षार्थींनी आवर्जून लक्षात ठेवावा.

मग प्रशासक सत्ता कोणती? संयुक्त राष्ट्रांचे कायदेविषयक उपसरचिटणीस हान्स कोरेल यांनी जानेवारी २००२ मध्ये सुरक्षा परिषदेस दिलेल्या मतात याचा ऊहापोह केला. माद्रिद कराराने सार्वभौमत्व हस्तांतरित झाले नाही आणि करारातील कोणत्याही पक्षास प्रशासक सत्तेचा दर्जाही मिळाला नाही, कारण स्पेनला एकतर्फी तसे करण्याचा अधिकारच नव्हता. नैसर्गिक संपत्तीबाबत त्यांचे मत असे होते की, पूर्वतपासणीचे करार स्वत:हून बेकायदेशीर ठरत नाहीत. परंतु तेथील जनतेचे हित व इच्छा डावलून पुढील उत्खनन केल्यास आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होईल.

जनतेचे हित आणि जनतेची संमती यांतील हा फरक पुढे युरोपीय न्यायालयात निर्णायक ठरला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये असा निर्णय दिला की, पश्चिम सहाराचा दर्जा मोरोक्कोहून पृथक व भिन्न आहे. त्यामुळे मोरोक्कोशी केलेला व्यापार करार तेथील जनतेच्या संमतीविना त्या प्रदेशास लागू होत नाही. त्यानंतर रहिवाशांशी विचारविनिमय करून करारात सुधारणा करण्यात आली. ४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने ही प्रक्रियाही अपुरी ठरवली. प्रदेशात आज राहणारी लोकसंख्या आणि स्वयंनिर्णयाचा हक्क असलेली जनता या दोन भिन्न संकल्पना आहेत व त्या जनतेचा मोठा भाग प्रदेशाबाहेर राहतो, असे न्यायालयाने नमूद केले. थेट संमती घेणे शक्य नसल्यास ती गृहीत धरता येईल. मात्र त्यासाठी करारामुळे त्या जनतेवर कोणतेही बंधन येता कामा नये आणि तिला ठोस, पडताळता येईल असा लाभ मिळाला पाहिजे, असा निकषही न्यायालयाने घालून दिला.

राजनैतिक प्रयत्न व बदलते वारे

सरचिटणीसांचे विशेष दूत जेम्स बेकर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या योजनेत काही वर्षांची स्वायत्तता आणि त्यानंतर सार्वमत अशी तरतूद होती. मतदारांत अलीकडे स्थायिक झालेल्या रहिवाशांचाही समावेश होता. पोलिसारिओने ती स्वीकारली; मोरोक्कोने नाकारली. एप्रिल २००७ मध्ये मोरोक्कोने आपली स्वायत्ततेची योजना सादर केली. तीनुसार स्थानिक कायदेमंडळ, कार्यकारिणी व न्यायसंस्था सहराकडे राहतील, तर संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि राजाचे धार्मिक अधिकार केंद्राकडे राहतील. तीत स्वातंत्र्याचा पर्याय नसल्याने पोलिसारिओने तिला विरोध केला.

नोव्हेंबर २०२० मध्ये गेरगेरात येथील घटनांनंतर पोलिसारिओने शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. स्पेनने २०२२ मध्ये, फ्रान्सने २०२४ मध्ये आणि ब्रिटनने २०२५ मध्ये स्वायत्तता योजनेस अनुकूल भूमिका घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने २७९७ क्रमांकाच्या ठरावाद्वारे या योजनेच्या आधारे वाटाघाटी करण्याचे आवाहन केले व मिनुर्सोची मुदत एक वर्षाने वाढवली. रशिया, चीन व पाकिस्तान तटस्थ राहिले आणि अल्जीरियाने मतदानात भाग घेतला नाही. याच ठरावात स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचाही उल्लेख कायम आहे.

आफ्रिका खंडातही मतभेद आहेत. सहरावी प्रजासत्ताकाला १९८२ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेत प्रवेश मिळाला व त्याच्या निषेधार्थ मोरोक्को १९८४ मध्ये बाहेर पडला. २०१७ मध्ये तो आफ्रिकी संघात परतला आणि आज दोघेही एकाच संघटनेचे सदस्य आहेत. ऐंशीहून अधिक राष्ट्रांनी वेळोवेळी या प्रजासत्ताकाला मान्यता दिली. त्यांपैकी अनेकांनी ती मागे घेतली किंवा स्थगित केली. भारतानेही १९८५ मध्ये दिलेली मान्यता २००० मध्ये काढून घेतली. मोरोक्को हा भारतीय खत उद्योगाला फॉस्फेट व फॉस्फोरिक आम्ल पुरवणारा महत्त्वाचा देश आहे, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल.

समारोप

पूर्व तिमोरचा प्रश्न १९७५ मध्ये जवळजवळ अशाच परिस्थितीत उद्भवला होता. इंडोनेशियाच्या ताब्यानंतर १९९९ मध्ये तेथे सार्वमत झाले आणि २००२ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. दोन्ही प्रकरणांत लागू होणारे कायद्याचे तत्त्व एकच होते. तिमोरमध्ये ताबा असलेले राष्ट्र मतदानास तयार झाले, पश्चिम सहारात झाले नाही. यावरून आंतरराष्ट्रीय कायद्याची मर्यादा व त्याचे मोल या दोन्ही गोष्टी लक्षात येतात. कायदा स्वत: सैन्य हलवू शकत नाही. तथापि केवळ ताब्याचे रूपांतर हक्कात होऊ न देण्याचे काम तो करतो आणि दुर्बल पक्षाचा दावा कित्येक दशके जिवंत ठेवतो.

पश्चिम सहाराचा तोडगा स्वायत्ततेच्या मार्गाने निघेल की अन्य मार्गाने, हे वाटाघाटींवर अवलंबून आहे. कोणताही तोडगा टिकाऊ व्हावयाचा असेल, तर प्रदेशाच्या जनतेची संमती त्यास लाभली पाहिजे, हे १९७५ च्या सल्लागारी मतापासून २०२४ च्या निकालापर्यंतचे सूत्र आहे. ती जनता कोण आणि तिचे मत कोणी व कसे विचारावे, या प्रश्नाचे उत्तर एल-आयूनमधील रहिवासी आणि तिंदूफच्या छावणीतील निर्वासित या दोघांनाही मान्य होईल, तेव्हाच या वादाचा शेवट दृष्टिपथात येईल.